आधी विहीर, मग अ‍ॅप

परवा हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालता घालता आमच्यात मोजणी झाली: कोणाच्या फोनमध्ये अभ्यासाची किती अ‍ॅप्स आहेत? एकीकडे एकोणीस निघाली. त्यातली तिनं उघडलेली तीन. माझ्याकडे सहाच होती, आणि ती सगळी रोजच्या वापरातली. मग "तू नक्की काय करतेस ते एकदा सविस्तर लिहून दे, तोंडी सांगितलं की तू भलतीकडेच जातेस," असं फर्मान निघालं. लिहितानाही भलतीकडे जाणारच आहे, पण निदान परत येता येईल.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. गाव माण तालुक्यात, म्हणजे साताऱ्याच्या दुष्काळी बाजूला. दहावीपर्यंत मराठी माध्यम. फोन काकांनी वापरून दिलेला, काचेला कोपऱ्यात तडा गेलेला. लॅपटॉप नाही. कॉलेजच्या लॅबमधला कॉम्प्युटर शनिवारी दुपारी मिळतो, तोही कोणी आधी जाऊन बसलं नसेल तर. खाली सांगितलंय ते सगळं एवढ्या सामानात होतं.

पहिल्या वर्षी मी उलटं करायचे. कोणीतरी सांगितलं की हे अ‍ॅप भारी, की उतरवून घ्यायचं आणि मग याचं करायचं काय म्हणून बघत बसायचं. आठवड्यात ते कुठल्यातरी कोपऱ्यात पडून राहायचं. विहिरीनं ही सवय मोडली, म्हणून आधी विहिरीचंच सांगते.

विहिरीची खोली फोननं कशी मोजायची

आमच्या शेतातली विहीर आबांच्या वडिलांनी खोदलेली, अकरा परस खोल. आबांचा परस सहा फुटांचा. पण पाणी किती परसावर आहे हे दर महिन्याला बदलतं, आणि आबा ते खडा टाकून कानानं सांगतात. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी खडा टाकला, मान कलती केली आणि म्हणाले, "आठ परस." मी म्हटलं, "आबा, हे तर अकरावीचं गणित आहे." ते म्हणाले, "मग कर की."

यासाठी अ‍ॅप आहे फायफॉक्स. जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या लोकांनी ते बनवलंय. फुकट आहे, जाहिराती नाहीत. फोनमध्ये जे सेन्सर आधीपासून असतात, म्हणजे माइक, त्वरणमापक, चुंबकमापक, उजेड मोजणारा डोळा, त्यांची वाचनं ते आकड्यांत आणि आलेखात दाखवतं. आपल्याला हवंय त्यातलं ध्वनीवर चालणारं स्टॉपवॉच. पहिला मोठा आवाज झाला की ते सुरू होतं, दुसरा झाला की थांबतं. सेकंदाचा हजारावा भाग दाखवतं.

आता पहिला आवाज कुठून आणायचा? दुसरा सोपा आहे, खडा पाण्यात पडल्याचा. पण खडा सुटला त्याच क्षणी आवाज व्हायला हवा.

मी आधी टाळी वाजवली. बहीण खडा सोडणार, मी टाळी देणार. पाच वेळा केलं, पाचही आकडे वेगळे, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आकड्यात जवळपास अर्ध्या सेकंदाचा फरक. कारण सरळ आहे. पाण्याला टेकताना खडा सेकंदाला सतरा मीटरच्या आसपास वेगानं जात असतो, म्हणजे टाळी पाव सेकंद चुकली की उत्तर चार मीटर चुकलं. त्यापेक्षा आबांचा कान बरा.

मग फुगा. फुग्याला खाली दोऱ्यानं दगड बांधायचा, फुगा काठीला टांगून विहिरीवर धरायचा आणि सुईनं फोडायचा. फुटल्याचा आवाज आणि दगड सुटणं एकदमच. युक्ती झकास आहे, आकडेही चांगले आले. पण फुटलेलं रबर दगडाबरोबर विहिरीत गेलं आणि आबा खवळले. "इहिरीत रबर टाकू नगंस, पाणी पितोय आपुन त्ये." बरोबरच होतं त्यांचं. गच्चीवरून खाली अंगणात असा प्रयोग करायचा असेल तर फुगा वापरा, विहिरीवर नको.

शेवटी टिकली ती पट्टी. हात-दीड हात लांबीची लाकडी पट्टी कठड्यावर अशी ठेवायची की तिचं टोक विहिरीवर येईल. पट्टीला सुतळी बांधून ती कठड्याच्या कडीला अडकवायची, नाहीतर पट्टीही खाली जाते. टोकावर दगड ठेवायचा. लहान हातोडीनं पट्टीला बाजूनं टोला द्यायचा. पट्टी सरकते, दगड जागच्या जागी खाली सुटतो, आणि टोल्याच्या आवाजानं घड्याळ सुरू होतं.

अ‍ॅपमध्ये दोन आकडे आधी भरायचे असतात, आणि ते भरले नाहीत तर काहीच जमत नाही. एक म्हणजे किती मोठा आवाज झाला की त्याला आवाज म्हणायचं ती मर्यादा. ही खाली ठेवलीत तर शेजारच्या शेतातल्या मोटरनंसुद्धा घड्याळ चालू होतं. वर ठेवलीत तर पाण्याचा आवाज त्याला ऐकूच येत नाही. दोन-चारदा नुसते दगड टाकून बघा आणि ठरवा. दुसरा आकडा म्हणजे सुरू झाल्यावर किमान किती वेळ थांबायचं नाही. हा मी एक सेकंद ठेवते. विहीर घुमते, आणि टोल्याचाच प्रतिध्वनी क्षणात परत येऊन घड्याळ बंद करतो. पहिल्या दिवशी मला सारखं ०.०८ सेकंद येत होतं, म्हणजे विहीर फूटभरसुद्धा खोल नव्हती.

दगड पेरूएवढा घ्या, गोलसर, काळा. मी सुरुवातीला चिंचोक्यापेक्षा थोडा मोठा खडा घेतला होता. त्याचा आवाजच येईना, आणि दुसरं कारण पुढे येतंय.

माझी पाच वाचनं: १.७६४, १.७७८, १.७६९, १.७७१ आणि १.१२०. शेवटच्या वेळी विहिरीतले पारवे फडफडले, म्हणून घड्याळ आधीच थांबलं. ते वाचन मी वहीत लिहिलं, त्याच्यापुढे "पारवे" लिहिलं आणि सरासरीत धरलं नाही. खोडलं मात्र नाही. आमच्या सरांना प्रयोगवहीत खोडलेलं दिसलं की ते "हा आकडा तुला का आवडला नाही?" असं विचारतात, आणि उत्तर देता आलं नाही की पुन्हा सगळा प्रयोग.

चार वाचनांची सरासरी १.७७ सेकंद. खोली म्हणजे अर्धा गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले वेळेचा वर्ग. पुस्तकात गुरुत्वत्वरण ९.८ असतं, आपल्या अक्षांशावर ते ९.७८ च्या आसपास येतं. उत्तर १५.३२ मीटर.

पण १.७७ सेकंदांत फक्त पडणं नाही, आवाज वर यायला लागलेला वेळही आहे. हवेत २५ अंशांना आवाज सेकंदाला ३४६ मीटर जातो. मग १५.३२ ला ३४६ नं भागा, आलेला ०.०४४ सेकंद एकूण वेळेतून वजा करा, खोली परत काढा: १४.५६. ही खोली घेऊन पुन्हा तेच: १४.६०. पुन्हा करा, आता आकडा हलत नाही. गूगल शीट्समध्ये चार रकाने केले की हे एकदाच लिहावं लागतं. नंतर फक्त वेळ टाकायची. वर्गसमीकरण सोडवूनही येतं, पण उत्तर असं जागेवर येऊन बसताना बघायला मला जास्त मजा येते.

१४.६ मीटर म्हणजे ४७.९ फूट. आबांचे आठ परस म्हणजे ४८.

मी गप्प बसले थोडा वेळ. मग दोरीला दगड बांधून खाली सोडला. दोरी म्हणाली १४.४५. फोन पंधरा सेंटिमीटरनं चुकला, आबा अठरा सेंटिमीटरनं. मी जिंकले, तीन सेंटिमीटरनं.

पंधरा सेंटिमीटर कुठे गेले हे मला कॉलेजला आल्यावर कळलं. हवा. सूत्रात हवा नाही, विहिरीत आहे. हवेच्या अडवण्यानं दगड जरा उशिरा पोचतो, आणि घड्याळाला वाटतं विहीर जास्त खोल आहे. दगड जितका लहान तितका हा घोळ मोठा, म्हणून पेरूएवढा दगड.

एक सूचना, आणि ही गमतीची नाही: कठडा नसलेल्या विहिरीवर हे करू नका, आणि एकट्यानं तर कुठल्याच विहिरीवर नको. गच्ची आहे, जिना आहे, झाडाला बांधलेला झोका आहे. झोक्यावर बसून फोन खिशात ठेवला तरी फायफॉक्स झोक्याचा आवर्तनकाल काढून देतं, आणि त्यावरून दोरीची लांबी निघते. नागपंचमीला आमच्या गल्लीतल्या सगळ्या झोक्यांची लांबी माझ्याकडे आहे. कोणी मागितली नाही अजून.

मराठीतून इंग्रजीत जाताना

अकरावीत आमची भाषा एका रात्रीत बदलली. डिस्पर्शन हा शब्द मला तीन महिने परका होता. नंतर कळलं की हे आपलं अपस्करण, लोलकातून सात रंग निघतात ते, दहावीला मी त्यावर पाच मार्कांचं उत्तर लिहून आले होते. मला येत होतं ते मला येतंय हेच कळत नव्हतं.

यावर मी वापरते अँकी. अँड्रॉइडवर ते अँकीड्रॉइड नावानं फुकट मिळतं. त्यात आपण कार्डं बनवायची: पुढच्या बाजूला प्रश्न, मागे उत्तर. उत्तर आलं की ते कार्ड काही दिवसांनी परत समोर येतं, पुन्हा आलं की आणखी लांबून, विसरलं की लगेच. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरं पाठ करून, माणूस किती वेगानं विसरतो याचा आलेख काढला होता. पाठ केल्यावर पहिल्या काही तासांतच बरंचसं गळून जातं, नंतर गळती मंदावते. अँकी त्या गळतीच्या आड येतं.

माझ्या कार्डांवर तीन गोष्टी असतात. इंग्रजी शब्द, मराठी शब्द, आणि त्या शब्दाला चिकटलेलं माझं स्वतःचं काहीतरी. मोमेंटम, संवेग, "भरलेली बैलगाडी उतारावर". इंटरफिअरन्स, व्यतिकरण, "तळ्यात दोन दगड". डिफ्रॅक्शन, विवर्तन, "दाराआडून आज्जीचा आवाज येतो पण आज्जी दिसत नाही". हे तिसरं नसेल तर कार्ड आठ दिवसांत मेलेलं असतं.

मराठी शब्द कुठून? शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश इंटरनेटवर आहेत, विषयवार. आणि मराठी विश्वकोश आहे, वीसही खंड फुकट वाचता येतात. विश्वकोश तयार झाला तो आमच्याच जिल्ह्यात, वाईला. मी वाईला गणपतीच्या दर्शनाला चार वेळा गेले होते आणि हे मला ठाऊक नव्हतं. त्यातल्या नोंदींचं मराठी जड आहे, एक वाक्य दोनदा वाचावं लागतं. पण इंग्रजी पुस्तकात अडले की मी तीच नोंद विश्वकोशात बघते, आणि दोन्हीकडून जे कळतं ते पक्कं असतं.

दोन चुका तेवढ्या करू नका. दुसऱ्यानं बनवलेला हजारो कार्डांचा तयार गठ्ठा उतरवू नका. मी उतरवला, आठ दिवस खपले, मग सव्वाचारशे कार्डं थकली आणि मी अ‍ॅप उघडायलाच घाबरायला लागले. आणि रोजची नवी कार्डं अ‍ॅप सांगतं तेवढी घेऊ नका. ते वीस सांगतं, मी आठ घेते. एसटीत, मेसच्या रांगेत होऊन जातात.

जे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही त्यासाठी फेटची सिम्युलेशन्स. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ साली हा प्रकल्प सुरू केला. त्यांना त्याच्या आदल्या वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. त्यातली बरीचशी मराठीत आहेत आणि उतरवून घेतली की नेट नसताना चालतात. माझ्या धाकट्या भावाला विद्युतमंडल मी त्यावर शिकवलं. त्यानं पहिल्यांदा मुद्दाम शॉर्टसर्किट केलं, आग लागलेली बघितली आणि मग शिकायला तयार झाला.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटचं थोडक्यात सांगते, कारण सगळ्या तेच विचारतात. मी त्याला उत्तर मागत नाही. "मला या धड्यावर एकेक प्रश्न विचार, मी चुकले तर कुठे चुकले तेवढंच सांग," असं सांगते. विहिरीचं गणित मी त्याला मुद्दाम घातलं होतं. त्यानं आवाजाचा वेळ धरलाच नाही आणि १५.३२ मीटर इतक्या ठामपणे सांगितलं की माझ्याकडे दोरी नसती तर मी मानलं असतं.

आज्जीचा आवाज कसा धरला

हे माझ्या अभ्यासक्रमात नाही. पण मी फोनवर सगळ्यात जास्त शिकले ते यातच.

आमच्याकडे जातं आता फक्त हळदीला निघतं. आज्जीला मात्र ओव्या येतात, किती ते तिलाच ठाऊक नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी आपल्या साथीदारांबरोबर खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि पारी या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात त्या ऐकता येतात. एका रात्री मी त्या ऐकत बसले होते. आज्जी पलीकडून म्हणाली, "ही बाई चुकीची म्हनतीया. आमच्यात आसं न्हाय." चुकीची नव्हती, दुसऱ्या गावची होती. पण तेव्हा ठरलं की आमच्यात कसं ते धरून ठेवायचं.

पहिला प्रयत्न वाया गेला. फोन जात्याशेजारी जमिनीवर ठेवला आणि जी फाइल मिळाली त्यात घरघर सोडून काही नव्हतं. मग म्हटलं, आज्जी, जातं राहू दे, नुसतं म्हण. ती बसली, तोंड उघडलं, आणि दुसऱ्याच ओवीला अडली. "हात फिरल्याबिगर न्हाय ग येत." रिकामं जातं फिरवायला ती तयार नव्हती, दगडावर दगड घासून जात्याची टाकी, म्हणजे छिन्नीनं टोचून आणलेला खरखरीतपणा, जाते म्हणून. म्हणजे दाणे हवेत, घरघर हवी, आणि तिच्यातूनच आवाज वेगळा काढायचा.

जमलं ते असं. जात्याखाली घोंगडी, तिच्याखाली पोतं, दोन्ही दुमडून. घरघर जमिनीतून जास्त येते, हवेतून कमी. दाणे मूठभर न घालता चिमटी-चिमटीनं, म्हणजे जातं हलकं फिरतं. फोन जमिनीवर नाही, आज्जीच्या मागे उतरंडीच्या फळीवर. आणि माइक दीडशे रुपयांचा, पदराला लावायचा. तो फोनला जोडून तिच्या हनुवटीपासून एक वीत खाली. पदर सारखा सरकतो म्हणून शेवटी माइक मंगळसूत्राच्या वाटीजवळ ब्लाउजला लावला. बहिणीचा फोन जात्याजवळ, फक्त घरघर धरायला.

रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी: फोन विमान मोडवर, पंखा बंद, कोंबड्या बाहेर. अ‍ॅपमध्ये वाव्ह फाइलचा पर्याय असेल तर तो घ्या. जागा जास्त खातो, पण नंतर साफसफाई करायला वाव मिळतो. दोन्ही फोन चालू झाल्यावर एक जोरात टाळी वाजवा. नंतर कॉम्प्युटरवर दोन्ही फाइलींमधलं टाळीचं टोक एकाखाली एक आणलं की त्या आपोआप जुळतात. आणि कोणीही बोलायच्या आधी दहा सेकंद नुसती शांतता धरा. ही शांतता अजिबात कापू नका, तिचं काम पुढे आहे.

लॅबमध्ये शनिवारी मी ऑडासिटी वापरते, तेही फुकट आहे. त्या दहा सेकंदांची निवड करायची, नॉइज रिडक्शनमध्ये जाऊन "ही शांतता" असं त्याला ओळखवून द्यायचं, मग पूर्ण फाइल निवडून तेच पुन्हा लावायचं. त्या शांततेतली जी काही बारीक गुणगुण असेल ती ते सगळीकडून वजा करतं. थोडंच लावा. मी पहिल्यांदा पट्टी पूर्ण उजवीकडे नेली आणि आज्जी डबक्यातून बोलल्यासारखी यायला लागली. जात्याची घरघर याने जात नाही, आणि मी ती घालवायचा नाद सोडला. दुसऱ्या फोनवरची घरघर अगदी हळू आवाजात खाली ठेवली, कारण ती काढली की ओवीचा ठेकाच कळेना.

मग लिहून काढणं. बोलून टाइप करायची सोय मराठीत चांगली चालते, पण आमच्या माणदेशी बोलीला ती पुणेरी करून टाकते. "न्हाय" म्हटलं की "नाही". म्हणून हातानंच. एक छोटी गोष्ट, जिच्यावर माझा एक अख्खा रविवार गेला: "दुसऱ्या", "वाऱ्यावर" यांतला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र. साधा र, हलन्त आणि य टाइप केलं की "दुसर्या" असा रफार होतो, आणि तो चूक आहे. नुक्ता असलेला ऱ घ्या, मग हलन्त, मग य. जीबोर्डवर र दाबून धरला की ऱ मिळतो. हे मला कोणी शाळेत सांगितलं नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानातल्या काकांनी सांगितलं.

अडतीस ओव्या झाल्या. चुलतबहिणीचं लग्न होतं, म्हणून मी त्यांची छोटी पुस्तिका केली. प्रत्येक पानावर एक ओवी आणि तिच्याखाली क्यूआर कोड, फोन धरला की आज्जी म्हणायला लागते. झेरॉक्सच्या दुकानात साठ प्रती काढल्या, मध्ये शिलाई आईनं घातली. हळदीच्या दिवशी वाटल्या. आणि संध्याकाळपर्यंत माझ्या मेलवर तेवीस जणांच्या परवानगीच्या विनंत्या. फाइली ड्राइव्हवर ठेवल्या होत्या, पण "लिंक असेल त्या कोणालाही" हे निवडलंच नव्हतं. हातांना हळद लागलेल्या अवस्थेत, एका बोटानं, मी अडतीस फाइलींच्या परवानग्या बदलल्या. एकच फोल्डर करून त्या फोल्डरची परवानगी एकदा दिली असती तर भागलं असतं. छापायच्या आधी कोड दुसऱ्याच कोणाच्यातरी फोनवर तपासा. आपल्या फोनवर तो नेहमीच चालतो.

मुळात ओव्या एकोणचाळीस होत्या. एक आज्जीनं तिच्या सासूवर म्हटलेली होती. रेकॉर्डिंग झाल्यावर ती म्हणाली, "ही तेवढी ऱ्हाऊ दे. तू आयकलीस, बास." ती मी पुस्तिकेत घातली नाही आणि ड्राइव्हवरही नाही. कोणाचाही आवाज धरायच्या आधी विचारा, आणि धरून झाल्यावर पुन्हा विचारा. दुसऱ्यांदा विचारलं की उत्तर बदलतं.

जे हरवलं ते

या सगळ्याच्या आधी अकरा रेकॉर्डिंग्ज माझ्याकडून गेली. फोन दुरुस्तीला दिला, दुकानदारानं तो पुसून परत दिला. त्यानं विचारलं होतं म्हणे, मी "हो हो" म्हटलं होतं. त्यात आबांच्या मामांची एक तासाची गोष्ट होती, मोट कशी हाकायचे त्याची, आणि ते आता नाहीत.

तेव्हापासून कुठलीही फाइल तीन जागी: फोनमध्ये, ड्राइव्हवर, आणि लॅबमधून भरून आणलेल्या पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह गावाकडे आईच्या कपाटात असतो, साड्यांच्या घडीत. फाइलीचं नाव तारखेनं सुरू करते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग माणूस, मग विषय. म्हणजे त्या आपोआप ओळीनं लागतात. "नवीन रेकॉर्डिंग १७" या नावाच्या फाइलीत काय आहे ते मलाही सांगता येत नाही.

नोट्सचे फोटोही असेच. व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकींना पाठवलेले पानांचे फोटो परीक्षेच्या आदल्या रात्री सापडत नाहीत. ड्राइव्हमध्येच स्कॅन करायची सोय आहे, तिथे विषयाच्या फोल्डरमध्ये थेट पीडीएफ करा. खिडकीजवळ, दिवसा, दिवा आपल्या पाठीमागे नको, नाहीतर पानावर आपल्याच डोक्याची सावली पडते.

मे महिन्यातलं वाचन

विहिरीचं वाचन मी आता दर महिन्याला घरी गेले की घेते. शीटमध्ये सात ओळी झाल्यात. आलेख होळीपर्यंत हळू उतरतो आणि मग एकदम. भूजल सर्वेक्षण यंत्रणाही ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. आमची विहीर त्यांच्या यादीत नाही, म्हणून मीच.

मे महिन्यात आबा आधीच कठड्यावर येऊन बसले होते. हातोडी आता तेच मारतात, माझा टोला त्यांना पसंत नाही. दगड पडला, फोन थांबला १.९२५ वर. मी आकडा बघायच्या आधी ते म्हणाले, "सव्वानऊ."

शीट म्हणाली १७.२ मीटर. सव्वानऊ परस म्हणजे १६.९२. दोरी सोडली: बरोबर १७.

"वीस सेंटिमीटर," मी म्हटलं. "हवेमुळे आबा, हवा दगडाला अडवते, म्हणून फोनला विहीर खोल वाटते."

"मग तुझ्या फोनला वारा लागतुय," आबा म्हणाले, "माज्या कानाला न्हाय लागत."

त्यांच्या कानालाही लागतोच. पण तो कान पन्नास वर्षं दोरीशी ताडून बघितलेला आहे, त्यात हवा आधीच धरलेली आहे. मी शीटमध्ये एक रकाना वाढवलाय: प्रत्येक महिन्यात फोन आणि दोरी यांच्यात किती फरक आला. अजून दोनच आकडे आहेत त्यात. पाऊस लागेपर्यंत तिसरा मिळेल.